एप्टेशिया खरवडून जात नाही

‘ब्लेडने खरवडा, की संपलं!’ एप्टेशिया या फुलासारख्या दिसणाऱ्या, उपद्रवी समुद्री प्राण्यावरचा हा सल्ला रीफ टँकवाल्यांत, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांत, वर्षानुवर्षं फिरतोय. चुकीचा आहे. हे तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफूल धक्का लागताच दगडाच्या भोकात आक्रसतं. ब्लेडला सापडतो तो वरचाच भाग. तळव्याचा कणभर तुकडा उरला, तरी त्यातून पुन्हा अख्खा प्राणी उभा राहतो. एरवीही ते सरकताना असे तुकडे मागे सोडत पिलावळ वाढवतंच.

त्यापेक्षा पंप बंद करून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजने अलगद त्याच्या तोंडावर सोडा. एका वेळी दोन-चारच, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. पेपरमिंट कोळंबीही एप्टेशिया खाते, पण दुकानात कधीकधी तशीच दिसणारी कॅमल कोळंबी गळ्यात मारतात आणि ती प्रवाळच कुरतडते. बर्घिया ही समुद्री गोगलगाय मात्र एप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही.