टायर आधी, नावनोंदणी नंतर
हौशी कार स्पर्धकांसाठी माहितीपत्रक : टायरचे नियम, क्लास आणि स्क्रूटिनी

ऑटोक्रॉस (छोट्या वळणदार मार्गावर वेळेशी शर्यत), रॅली स्प्रिंट (छोटी रॅली), टीएसडी (ठरलेला सरासरी वेग पाळायची रॅली) किंवा ट्रॅक डे, काहीही असो, नाव नोंदवताना सगळे इंजिनची सीसी बघतात. टायरची आठवण शेवटच्या आठवड्यात होते. मग घाईत टायर चढतात आणि स्क्रूटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडी तपासणीच्या, टेबलावर गाडी वरच्या क्लासात (गटात) ढकलली जाते. पैसे गेलेले असतात आणि समोर दुप्पट ताकदीच्या गाड्या उभ्या असतात. म्हणून आम्ही टायर विकणाऱ्या-बसवणाऱ्यांनी काढलेले हे पत्रक.

इंजिनाला गुणक आहे, टायरला नाही

सीसीनुसार क्लास पाडताना टर्बोला मोकळे सोडत नाहीत. एफआयएच्या (मोटर स्पर्धांच्या जागतिक संघटनेच्या) नियमांत पेट्रोल टर्बोची सीसी १.७ ने गुणतात. ९९८ सीसीचे टर्बो इंजिन हिशेबात सुमारे १६९७ सीसीचे होते आणि १६०० च्या क्लासातून बाहेर पडते. पोलोचे ११९७ सीसीचे टीएसआय (टर्बो) इंजिन सुमारे २०३५ होते. हा हिशेब कागदावर होतो, त्यामुळे त्यावर फारसे वाद होत नाहीत.

टायरला असा गुणक कोणी शोधलेला नाही. छोट्या, वळणावळणाच्या ऑटोक्रॉसला मऊ रबराचा टायर दहा-पंधरा अश्वशक्तीपेक्षा जास्त कामाचा, हे फेरी मारलेला कोणीही सांगेल. पण रबर किती मऊ आहे हे आरसी बुकात लिहिलेले नसते. म्हणून वर्गवारीतली खरी भांडणे टायरवरूनच होतात. टेबलावर तपासता येतो तोच नियम चालतो. बाकीचे नियम म्हणजे प्रोटेस्टची (लेखी हरकतीची) फी भरण्याचे निमित्त.

नियम साधारण चार तऱ्हेचे असतात

पहिला: 'कंपनी मापाचा, रस्त्यावरचा टायर.' गाडीबरोबर आलेले माप, आयएसआय चिन्ह, चारही चाकांना एकच मेक आणि एकच मॉडेल. नवख्यांच्या क्लाससाठी आम्हाला हाच सर्वांत पटतो. साइडवॉल (टायरची बाजू) वाचली की तपासणी संपली.

दुसरा: ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकतो याचा, किमान आकडा. हा अमेरिकेतून आला. तिथल्या एससीसीए या मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट गटाला किमान २०० लागतो, '२४ अवर्स ऑफ लेमन्स' या स्वस्त गाड्यांच्या शर्यतीत १९०. आकडा कुठून येतो हे मात्र समजून घ्या. टेक्सासच्या रस्त्यांवर ठरलेल्या मार्गाने गाड्यांचा ताफा सुमारे ११,५०० किलोमीटर चालवतात आणि झीज एका प्रमाण टायरशी ताडून बघतात. प्रमाण टायर म्हणजे १००, त्याच्या दुप्पट टिकेल तो २००. आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच छापते. शिवाय तो झिजेचा आहे, पकडीचा नाही. दोन टायरांवर २०० लिहिलेले असून एकाची पकड दुसऱ्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. योकोहामा ए०५२ वरही २०० आहे, पण त्याला रोजचा टायर कोणी म्हणणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. हा आकडा भारतात बंधनकारक नाही, त्यामुळे इथल्या अनेक टायरांवर तो नसतोच. नियमात 'किमान २००' लिहिले आणि टायरवर काहीच लिहिलेले नाही, तर स्क्रूटिनीअर काय करणार? नियमपत्रात ट्रेडवेअर असेल तर आयोजकांना आधीच विचारा: आकडा नसलेला टायर चालेल का? उत्तर लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर मिळाले तरी चालेल.

तिसरा: ठरवून दिलेला एकच टायर, किंवा मान्य टायरांची यादी. फॉर्म्युला वनमध्येही २००७ पासून सर्वांना एकाच कंपनीचे टायर आहेत. इथे रबराचा वाद मिटतो, पण पैशाचा राहतो: कोणी दर स्पर्धेला नवा संच आणतो, कोणी वर्षभर तोच ओढतो. म्हणून बरोबरीने टायरांची संख्याही बांधावी लागते आणि साइडवॉलवर रंगाची खूण किंवा बारकोड येतो. खूण पुसली गेली तर लगेच मार्शलला दाखवा, नंतर कोणी ऐकत नाही.

चौथा: ओपन. जो आणेल तो चालेल. इथे एक भारतीय गोष्ट आड येते. जून २०२० मध्ये नव्या टायरांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आले. त्यामुळे परदेशी मऊ टायर ज्याच्या हाती आधीपासून आहे किंवा ज्याची ओळख आहे, तो पुढे. ओपन क्लास इंजिनासाठी ठीक, टायरसाठी ओपन म्हणजे बहुतेक वेळा खिशाचा क्लास.

स्पर्धा एफएमएससीआयच्या (भारतातल्या मोटर स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाच्या) मान्यतेची असेल तर सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या स्पर्धेचे नियमपत्र, मिळतात. त्यातले टायरचे कलम आणि त्यानंतर आलेली बुलेटिने (नियमांतले बदल) दोन्ही आमच्याकडे आणा. बुलेटिन न वाचता टायर विकत घेणारे बरेच असतात.

माप : साइडवॉल कशी वाचायची

उदाहरण घ्या, १८५/६५ आर १५ ८८ एच. रुंदी १८५ मिमी, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची, ८८ हा भारांक, म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत. कितीतरी स्विफ्ट याच मापावर धावतात.

याच रिमवर अनेक जण १९५/५५ आर १५ मागतात. टायर मिळतो, बसतो, दिसतोही छान. आता हिशेब. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२१.५ मिमी, नव्याचा ५९५.५ मिमी. चाक ४.२ टक्के लहान झाले. म्हणजे प्रत्येक गियर तेवढा आखूड झाला, गाडी वळणातून जोरात सुटते आणि खालीही बसते. इंजिनाला हात न लावता मिळालेला हा फायदाच आहे, आणि कडक क्लासात तो फायदा म्हणूनच मोजला जातो. त्यातच १९५/५५ आर १५ साधारण ८५ भारांकाचा येतो, म्हणजे ५१५ किलो. 'मूळ भारांकापेक्षा कमी नको' असे कलम असेल तर तिथेच अडलात. रिम बदलून १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास ६२०.९ मिमी, जवळपास मूळच. पण 'मूळ रिम व्यास' असे लिहिले असेल तर तोही बाद. दोन्हींत चूक टायरची नाही, न वाचलेल्या ओळीची आहे.

टीएसडीवाल्यांनी वरच्या ४.२ टक्क्यांकडे दुसऱ्या कारणाने बघावे. त्या लहान चाकांवर खरे १० किलोमीटर गेले की मीटर सुमारे १०.४४ दाखवतो. सरासरी वेगाच्या रॅलीत हा फरक म्हणजे पेनल्टीची माळ. टायर बदलला की ओडोमीटर पुन्हा पडताळा, तेही टायर गरम झाल्यावर.

पोलोची गोष्ट सोपी. मूळ १८५/६० आर १५ चा व्यास ६०३ मिमी, त्यावर १९५/५५ आर १५ बसवला तर घट सव्वा टक्का. हे अनेक क्लासांत चालून जाते. तरी विचारा.

तारीख कुठे असते

साइडवॉलवरच्या डॉट कोडच्या शेवटी चार अंक असतात. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बहुतेक टायरांवर ही तारीख एकाच बाजूला असते. ती बाजू आत गेली तर स्क्रूटिनीअरला गाडीखाली टॉर्च घेऊन शिरावे लागते, आणि त्याची चिडचिड तुमच्या खात्यावर जमा होते. साध्या नक्षीचा टायर असेल तर तारखेची बाजू बाहेर ठेवायला सांगा. 'आउटसाइड' लिहिलेला किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला टायर उलटा बसवता येत नाही. अशा वेळी चढवण्याआधी चारही टायरांच्या तारखेचा फोटो काढून ठेवा.

खाचा : किती हव्या, किती परवडतात

मोटार वाहन नियमांप्रमाणे कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिमी खोल हव्यात. खाचेत मधेमधे जे छोटे उंचवटे असतात ते याच मापाचे. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिमी.

कोरड्या डांबरावर तोच टायर ८ मिमीपेक्षा ३-४ मिमीला जास्त चांगला धरतो. खाचांमधल्या रबराच्या उंच गोट्या वळणात वाकतात, बुटक्या कमी वाकतात. म्हणून काही जण अर्धे झिजलेले टायर मुद्दाम जपून ठेवतात. त्यात गैर काही नाही. पण तपासणी शेवटच्या फेरीनंतरही होऊ शकते, तेव्हा २ मिमीने सुरू करून १.५ ने संपवलेत तर वेळ रद्द. गेज मुख्य खाचांत, टायरच्या परिघावर तीन ठिकाणी टेकवा. आतल्या कडेला विसरू नका, कॅम्बर (चाकांचा आतला कल) वाढवलेल्या गाडीच्या टायरला तिथेच टक्कल पडते.

आणि पावसाळ्यात तसला टायर घेऊन कसारा घाट उतरू नका. इगतपुरीच्या पावसात ३ मिमीच्या खाचा पाणी बाहेर फेकू शकत नाहीत. स्पर्धेचा संच डिकीत किंवा टपावर न्या, रस्त्याचा संच चाकांवर ठेवा.

रबर मऊ की कडक : ड्युरोमीटरची गंमत

शोर ए ड्युरोमीटर ही हातात मावणारी सुई आहे, रबरात दाबली की आकडा देते. रस्त्याचा टायर साधारण ६० ते ७० दाखवतो, शर्यतीचा मऊ टायर ५० च्या आसपास किंवा खाली. काही आयोजक हे उपकरण वापरायला लागले आहेत. चांगलेच आहे, पण रबर तापले की आकडा उतरतो. जानेवारीत सकाळी सातला गारठलेला टायर आणि दुपारी फेरीहून आलेला तोच टायर, दोघांचे आकडे वेगळे. सगळ्यांचे माप एकाच वेळी, सावलीत, फेरीआधी घेतले तरच न्याय. पाच वेगवेगळ्या गोट्यांवर घ्या आणि सरासरी काढा. एका आकड्यावर कोणाला बाद केले तर तो नियम टिकत नाही.

टायर मऊ करणारी रसायने लावून देण्याची विचारणा होते. आम्ही लावत नाही. नियमात मनाई असतेच, शिवाय रबर आतून बिघडते आणि गोट्या सुटून येतात.

पुढे मऊ आणि मागे कडक टायर लावण्याची युक्तीही आम्ही बसवून देत नाही. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत वेळ थोडा सुधारतो, पण पहिल्या ओल्या वळणावर शेपूट पुढे येते.

हवा

नाशिकची हिवाळी सकाळ १२ अंश, दुपार ३० अंश. पहाटे ३० पीएसआय भरलेला टायर नुसता उभा राहिला तरी दुपारी ३३ च्या जवळ जातो. फेरीची उष्णता आणखी ४-५ चढवते. म्हणून 'मी ३० भरले होते' या वाक्याला अर्थ नाही, कधी भरले ते सांगा. गेज एकच वापरा, स्वतःचा. पंपापंपावरच्या गेजमध्ये २-३ पीएसआयचा फरक सहज असतो. नायट्रोजनने हे गणित फारसे बदलत नाही, कोरडी हवाही तशीच वागते. त्रास ओलाव्याचा असतो.

कंपनी मापाच्या रस्त्याच्या टायरवर ऑटोक्रॉसची सुरुवात अशी करा:

१. टायर गरम असताना पुढे ३६ पीएसआय, मागे ३४.
२. टायरच्या खांद्यावर, खाचांच्या कडेपासून साइडवॉलच्या छोट्या त्रिकोणापर्यंत खडूची जाड रेघ ओढा, प्रत्येक टायरला तीन ठिकाणी.
३. एक जोरदार फेरी मारा आणि लगेच बघा. खडू त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला तर हवा कमी, २ पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच वर उरला तर २ काढा.
४. गाडी वळतच नसेल, नाक बाहेर जात असेल, तर आधी पुढची हवा खडूने जुळवा, मग मागे २-२ ने वाढवत जा.

पायरोमीटर (टायरचे तापमान मोजायचे यंत्र) असेल तर आत, मध्ये, बाहेर असे तीन आकडे फेरी संपताच घ्या. मधला सर्वांत गरम असेल तर हवा जास्त.

नट-बोल्ट, वॉरंटी

पोलोचे चाक-बोल्ट एम १४, १२० न्यूटन मीटरला आवळतात. मारुतीचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा, मॉडेलप्रमाणे बदलतो. हवेच्या गनने ठोकलेले नट मोजलेले नसतात. टॉर्क रेंचने आवळून घ्या, ५० किलोमीटरनंतर आणि स्पर्धेच्या सकाळी पुन्हा बघा. बाहेरच्या अलॉयला मधले भोक मोठे असेल तर रिंग घालावी लागते, नाहीतर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरते.

बहुतेक टायर कंपन्यांची वॉरंटी स्पर्धेतल्या वापराला लागू नसते. खरेदीच्या वेळी आम्ही हे सांगतो, बिलावरही लिहितो.

येताना काय आणाल

नियमपत्र आणि सगळी बुलेटिने, आरसीची प्रत, सध्याच्या टायरच्या साइडवॉलचा फोटो, रिमची रुंदी माहीत असेल तर ती. नवा संच स्पर्धेच्या किमान दहा दिवस आधी चढवा. नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातला गुळगुळीत थर असतो, तो जाईपर्यंत शे-दीडशे किलोमीटर साधे चालवावे लागते, त्र्यंबक रोडने जाऊन-येऊन दोन फेऱ्यांत होते. अलाइनमेंट त्यानंतर, गाडीत तुम्ही बसलेले असताना आणि टाकीत स्पर्धेइतके पेट्रोल ठेवून.