कळा सुरू झाल्या, पण कुठल्या?

“कळा सुरू झाल्या” असं आपण सरसकट म्हणतो. त्या सुरुवातीच्या संथ कळा असतील, नाहीतर बाळंतपणाच्या जोराच्या, सक्रिय टप्प्यातल्या. दोन्हींची गल्लत झाली की बाईची सगळी ताकद पहिल्यातच खर्ची पडते, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

संथ टप्प्यात कळांना ताल नसतो. एक दहा मिनिटांनी, पुढची वीस मिनिटांनी. कळ चालू असतानाही बोलता येतं. गर्भाशयाचं तोंड या काळात मऊ आणि पातळ होत सावकाश उघडतं. तपासून “दोन बोटं उघडलंय” असं सांगतात, तेव्हा बहुधा हाच टप्पा असतो. पहिलटकरणीला यात कित्येक तास जातात, कधी अख्खा दिवसही, आणि तेवढ्यावरून काही बिघडलंय असं होत नाही. झोप येत असेल तर झोपा. थोडं खा, पाणी प्या, कोमट पाण्याने अंघोळ करा.

सक्रिय टप्पा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार गर्भाशयाचं तोंड 5 सेंटीमीटर उघडल्यापासून धरतात. आता 10 मिनिटांत तीन-चार कळा येतात, एकेक पाऊण ते एक मिनिट टिकते. कळ आली की वाक्य अर्ध्यावर तुटतं. घड्याळ बघायचं सुचत नसेल तेव्हा एवढी खूण पुरते. उठलं, चाललं, कूस बदलली तरी या कळा ओसरत नाहीत.

इथे पडून राहण्यापेक्षा हालचाल बरी. उभं राहा, पुढे झुका, कुशीवर वळा. उताणं झोपलं की मोठ्या रक्तवाहिन्यांवर दाब येतो. दर दोन तासांनी लघवीला जा, कारण भरलेलं मूत्राशय बाळाच्या डोक्याची वाट अडवतं. श्वास लांब सोडा, जबडा सैल ठेवा. सोबतीला असलेल्या माणसाने कंबरेवर तळहाताने घट्ट दाब दिला तर फार आराम पडतो.

शेवटी शेवटी अंग थरथरतं, उलटी होते, “आता मला नाही जमणार” असं वाटतं. बहुतेकदा तेव्हा थोडंच उरलेलं असतं. जोर करावासा वाटला तर आधी सिस्टरना सांगा. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे 10 सेंटीमीटर, उघडल्याशिवाय जोर नको.

“तासाला 1 सेंटीमीटर उघडायलाच हवं” हे मात्र मनातून काढून टाका. ती अट सगळ्यांना लागू होत नाही, असं त्याच मार्गदर्शनात म्हटलंय. पहिल्या खेपेला सक्रिय टप्पा 12 तासांपर्यंत जाऊ शकतो, पुढच्या खेपांना सहसा 10 च्या आत आटोपतो. दुसरी-तिसरी खेप असेल तर म्हणूनच दवाखान्यात जायला लवकर निघा.

टप्पा कुठलाही असो, पाणी गेलं, ताजं रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली किंवा 37 आठवड्यांआधीच कळा आल्या, तर कळा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा. पाणी हिरवट दिसलं तर तसं पोहोचल्या पोहोचल्या सांगा.