मांजर मांसाकडे पाठ फिरवतं तेव्हा

मांजर मांसाहारी आहे हे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तरीही कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर वाढलेल्या मांजरासमोर ताज्या मांसाचा तुकडा ठेवून बघा. ते जवळ येतं, मान लांब करून हुंगतं, पंजाने तुकडा जरासा ढकलतं आणि मग ताटलीभोवतीची फरशी खरवडू लागतं. विष्ठा पुरताना करतं तीच हालचाल. आपण म्हणतो, नखरे आहेत सगळे. मला हा शब्द मांजरावर अन्याय करणारा वाटतो. त्या नकारामागे जीभ, नाक आणि पिल्लूपणाचे काही आठवडे असतात.

आधी जीभ. मांजराला गोड चव कळतच नाही. आपल्या जिभेवर गोडी ओळखणारा जो ग्राही असतो, तो दोन प्रथिनं एकत्र येऊन बनतो. त्यांपैकी एका प्रथिनाचं जनुक मांजरात निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी 2005 साली दाखवलं. त्या जनुकातली डीएनएची 247 अक्षरं सलग गळून गेली आहेत. वाघ आणि चित्ता यांच्यातही हे जनुक असंच बंद पडलेलं सापडलं. मांसाची चव मात्र मांजराला चांगली कळते. 2023 साली इंग्लंडमधल्या वॉल्थम संस्थेच्या संशोधकांनी मांजराचा उमामी, म्हणजे मांसाची रुची ओळखणारा ग्राही तपासला. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आणि इनोसीन मोनोफॉस्फेट यांची जोडी मांजरांना विशेष आवडते असं त्यात दिसलं. ट्युना माशात ही दोन्ही भरपूर असतात. ट्युनाचा डबा उघडताच मांजर का धावत येतं, याचा उलगडा यातून होतो.

मग चव कळत असूनही ते मांस का नाकारतं? कारण तोंड घालण्याआधी 'हे खाणं आहे' हे त्याला ओळखता यावं लागतं, आणि ती ओळख लहानपणी होते. वांडा विर्विका या शास्त्रज्ञ महिलेने 1970च्या दशकात एक विलक्षण प्रयोग केला होता. तिने मांजरींना केळं खायला शिकवलं. दूध सुटण्याच्या वयातली त्यांची पिल्लं आईशेजारी बसून केळंच खाऊ लागली, समोर मांस ठेवलेलं असताना! आई जे खाते ते खाणं, बाकी सगळं संशयास्पद, हा रानातला अत्यंत शहाणा नियम आहे. ज्या पिल्लाने कुरकुरीत दाण्यांखेरीज काही पाहिलंच नाही, त्याच्या लेखी मऊ, ओलसर, गार मांस ही अनोळखी वस्तूच ठरते. त्यात दाण्यांवर चरबी आणि प्रथिनांच्या पाचित अर्काचा मुद्दाम फवारा मारलेला असतो. त्या ठसठशीत वासापुढे साधं मांस फिकं पडतं.

वासाचा हा मुद्दा लक्षात घेतला की अर्धं काम होतं. शीतकपाटातून थेट काढलेल्या मांसाला वास जवळजवळ नसतोच. ते साधारण 37 अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे नुकत्याच मारलेल्या भक्ष्याइतकं कोमट करा. एकच अन्न गार, सामान्य तापमानाचं आणि 37 अंशांचं असं पुढे ठेवलं, तर मांजरं कोमटच पसंत करतात हे प्रयोगांत दिसलेलं आहे. सुरुवात चिमूटभर खिम्याने करावी. तो नेहमीच्या खाण्यात न मिसळता शेजारी ठेवणं मला बरं वाटतं. मिसळलेलं आवडलं नाही, तर मांजर ओळखीच्या खाण्यावरही फुली मारतं. नुसतं हुंगलं, नुसतं चाटलं तरी ती प्रगती समजावी. पुढे खिम्याऐवजी लहान तुकडा दिलात, तर खाताना त्याच्याकडे नीट बघा. मान तिरकी होते आणि तुकडा तोंडाच्या एका बाजूला जातो. मांजराचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. दाढांची पाती एकमेकींवरून सरकतात आणि मांस कापलं जातं. दाण्यांवर वाढलेल्या मांजराला याचा सरावच नसतो, म्हणून सुरुवातीला तुकडा तोंडातून पुन्हा पुन्हा पडतो. त्याला वेळ द्या.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: 'भूक लागली की खाईल' म्हणून उपाशी ठेवणं. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की मांजराच्या अंगातली चरबी झपाट्याने यकृताकडे धाव घेते. तिचा निचरा करणं यकृताला जमत नाही, ते चरबीने भरून जातं आणि कावीळ होते. लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत जास्त, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. दिवसभरात मांजराने काहीच खाल्लं नसेल, तर मांसाचा हट्ट सोडून त्याचं जुनं खाणं पुढे ठेवावं.

समजा, मांजर मांस आवडीने खाऊ लागलं. खरी गफलत इथून पुढे होते. रानातलं मांजर उंदीर खातं, तो हाडं, रक्त, यकृत, हृदय यांसकट. आपण देतो नुसतं मांस. 100 ग्रॅम कोंबडीच्या मांसात कॅल्शियम जेमतेम 10 मिलिग्रॅम असतं, फॉस्फरस मात्र 200 मिलिग्रॅमच्या आसपास. मांजराला ही दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात लागतात. रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी मग शरीर हाडं पोखरू लागतं. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिल्लाचं हाड साध्या उडीने मोडतं. घरच्यांनी चांगल्यातलं चांगलं मांस प्रेमाने भरवलेलं असतं, आणि पिल्लू लंगडत असतं. मला यात सर्वांत वाईट वाटतं ते हेच.

दुसरी बाब टॉरिनची. हे द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, आणि पित्तावाटे ते सतत खर्चतं. टॉरिन कमी पडलं की दृष्टिपटल झिजतो हे 1975 साली कळलं. 1987 साली पॉल पायन हे पशुवैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मांजरांचं हृदय सैल होऊन फुगण्यामागेही हीच कमतरता होती. वेळीच टॉरिन दिलं तर हृदय सावरतं हेही दिसलं, आणि त्यानंतर खाद्य बनवणाऱ्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. टॉरिन पाण्यात विरघळतं. त्यामुळे मांस उकडून पाणी फेकलंत तर तेही गेलं. ते पाणी मांसाबरोबरच द्यावं. त्यात कांदा किंवा लसूण अजिबात नको, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कोंबडीच्या छातीपेक्षा मांडीच्या मांसात टॉरिन जास्त, हृदयात तर भरपूर. यकृत मात्र अगदी थोडं, कारण त्यातलं 'अ' जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना जखडतात.

कच्चं मांसच नैसर्गिक, असा आग्रह धरणारे फ्रान्सिस पॉटेंजर या अमेरिकी डॉक्टरांच्या प्रयोगांचा दाखला देतात. 1932 ते 1942 या काळात त्यांच्याकडची शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढ्यान्‌पिढ्या रोगट होत गेली, कच्च्या मांसावरची धडधाकट राहिली. पण मांजराला टॉरिन लागतं हे तेव्हा माहीतच नव्हतं, आणि आज मागे बघता तीच कमतरता सर्वांत पटणारं कारण ठरते. कच्च्या मांसातून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू येतो. आता बर्ड फ्लूही येतो. 2024च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यात एक मांजर बर्ड फ्लूच्या एच5एन1 या विषाणूने दगावलं, आणि त्याच्या शरीरातला विषाणू त्याने खाल्लेल्या कच्च्या, गोठवलेल्या, टर्की पक्ष्याच्या मांसाच्या खाद्यातल्या विषाणूशी जुळला. गोठवल्याने विषाणू मरत नाही. म्हणून मी शिजवलेल्या मांसाच्याच बाजूने आहे, आणि तेही हाडं काढून. शिजलेल्या हाडाच्या टोकदार कपच्या निघतात.

किती द्यावं? रोजच्या उष्मांकांच्या दहाव्या हिश्शापर्यंत. 4 किलोच्या मांजरासाठी हे शिजवलेलं 10 ते 15 ग्रॅम मांस झालं. बाकीचं खाणं परिपूर्ण असेल तर एवढ्याने समतोल बिघडत नाही. सगळंच खाणं घरी करायचं असेल, तर पाककृती पशुआहारतज्ज्ञाकडूनच घ्यावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या 114 पाककृती तपासल्या होत्या. ज्यांचं गणित मांडता आलं, त्यांपैकी एकीतही सगळी पोषकद्रव्यं पुरेशी भरली नाहीत.

आणि आवडीने खाणारं मांजर एकाएकी तोंड फिरवू लागलं, तर नवनवे पदार्थ पुढे करत बसू नका. दात, हिरड्या किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं, किंवा सर्दीने नाक चोंदलेलं असू शकतं. वास आला नाही तर मांजर खात नाही. अशा वेळी त्याला पशुवैद्याकडेच न्यावं.