द्वेषगुन्ह्यांचा सरकारी निषेध

एखाद्यावर तो अमुक धर्माचा किंवा वंशाचा आहे एवढ्याच कारणाने हल्ला झाला, त्याचं घर जाळलं, त्याच्या प्रार्थनास्थळाची तोडफोड झाली, की त्याला द्वेषगुन्हा किंवा हेट क्राइम म्हणतात, आणि अशा घटनेनंतर पंतप्रधान, गृहमंत्री किंवा संसद जाहीरपणे उभी राहून हे आम्हाला मान्य नाही असं सांगते तो सरकारी निषेध. मार एका माणसाला बसतो पण धमकी अख्ख्या समाजाला असते, की तुम्ही इथले नाही. त्याला "तुम्ही इथलेच" हे उत्तर शेजारीपाजारीही देतात, पण देशाच्या वतीने ते फक्त सरकारच देऊ शकतं, म्हणून हे निवेदन महत्त्वाचं.

वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली मंजूर केला, त्याच्या कलम ४ मध्ये सदस्य देश वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराचा निषेध करतात असं लिहिलंय, आणि सरकारी यंत्रणांनी स्वतः असा भेदभाव भडकवू नये असंही.

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण न्यूझीलंडचं. १५ मार्च २०१९, शुक्रवारची नमाज, क्राइस्टचर्चमधल्या दोन मशिदींवर गोळीबार, ५१ जण गेले. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्याच दिवशी याला दहशतवाद म्हटलं, मेलेल्यांबद्दल "ते म्हणजे आपणच" असं बोलल्या, मग पुढच्या दिवसांत डोक्यावर ओढणी घेऊन त्यांच्या घरच्यांना भेटायला गेल्या आणि संसदेत सांगितलं की हल्लेखोराचं नाव मी घेणार नाही. महिना व्हायच्या आत, १० एप्रिलला, बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी घालणारा कायदा ११९ विरुद्ध १ मतांनी पास झाला. बोलणं आणि करणं यात इतकं कमी अंतर क्वचितच दिसतं.

उलट जर्मनीत १९९३ साली झोलिंगेनमध्ये एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं, मुली आणि बायका मिळून पाच जणी जळून गेल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष वायत्सेकर शोकसभेला गेले पण चॅन्सेलर, म्हणजे सरकारचे प्रमुख, हेल्मुट कोल गेले नाहीत, आणि ही गैरहजेरी तिथल्या तुर्की लोकांच्या मनाला फार लागली. पुढे २००० पासून तिथे हिटलरचे विचार मानणाऱ्या एका निओ-नाझी टोळीने नऊ स्थलांतरित वंशाच्या माणसांना गोळ्या घातल्या, आणि पोलीस वर्षानुवर्षं मेलेल्यांच्या घरच्यांवरच संशय घेत राहिले. खरे खुनी २०११ ला कळले, मग फेब्रुवारी २०१२ मध्ये अँगेला मर्केल यांनी या कुटुंबांची जाहीर माफी मागितली. ज्या बाईचा नवरा मेला तिलाच आरोपीसारखं विचारलं गेलं असेल, तर नुसता खुन्याचा निषेध करून भागत नाही, स्वतःच्या यंत्रणेचं चुकलं हेही म्हणावं लागतं, आणि ते म्हणायला सरकारांना सगळ्यात जड जातं.

शब्द मोघम असले तर निषेध केला काय न केला काय. २०१७ साली अमेरिकेत शार्लट्सव्हिलमध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मोर्चा निघाला, विरोध करणाऱ्यांवर गाडी घातली गेली, एक बाई मेली, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प आधी द्वेष "अनेक बाजूंनी" आहे म्हणाले. दोन दिवसांनी त्यांनी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचं आणि निओ-नाझींचं नाव घेतलं खरं, पण दुसऱ्याच दिवशी परत दोन्ही बाजूंवर दोष टाकला. कुणी कुणावर का हल्ला केला हे निवेदनात नसेल तर ज्याला मार बसलाय त्याला ते बरोबर कळतं, आणि मारणाऱ्यालाही कळतं.

कधीकधी सरकारला बोलायला कोर्ट लावतं. भारताच्या सुप्रीम कोर्टाने जुलै २०१८ मध्ये लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने एखाद्याला मारून टाकण्याच्या, केसमध्ये केंद्राला आणि राज्यांना सांगितलं की जमावाच्या हिंसेचे कायद्याने गंभीर परिणाम होतील हे रेडिओ, टीव्ही आणि सरकारी वेबसाइटवरून लोकांना सांगा, शिवाय प्रत्येक जिल्ह्यात यासाठी जबाबदार असा नोडल ऑफिसर नेमा.

मात्र ज्याच्यावर हल्ला झाला त्याला सरकार पहिल्यांदा भेटतं ते टीव्हीवर नाही, पोलीस ठाण्यात भेटतं. स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाच्या खुनानंतर ब्रिटनमध्ये चौकशी झाली, तिच्या १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने म्हणूनच सांगितलं की पीडिताला किंवा दुसऱ्या कुणालाही घटना वंशद्वेषाची वाटली तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची.