सायकल-ट्रेनर (घरगुती)

नेहमीच्या वापरातली सायकल एका स्टँडवर बसवून घरातल्या घरात, जागच्या जागी चालवण्याचे साधन. बोलण्यात नुसता ‘ट्रेनर’, तर ब्रिटिश वळणाने ‘टर्बो ट्रेनर’ असा उल्लेख होतो. व्यायामशाळेतील स्थिर सायकल हे स्वतंत्र यंत्र असते. ट्रेनरवर मात्र स्वाराची स्वतःची सायकल, तिच्या खोगिराची उंची आणि बैठक कायम राहते.

उगमाविषयी एकवाक्यता नाही. फ्रान्सिस लाउंड्स याने इंग्लंडमध्ये 1796 साली पेटंट घेतलेल्या ‘जिम्नॅस्टिकॉन’ या यंत्राला पुष्कळदा आद्य पूर्वज मानले जाते. परंतु ते संधिवातासारख्या व्याधींवर हातापायांना व्यायाम देण्यासाठी होते, आणि जर्मन संशोधक कार्ल ड्राइस याची, पायांनी जमीन रेटत चालवायची दोन चाकांची धावगाडी 1817 ची, तर पेडल बसवलेली सायकल 1860 च्या दशकातली. तेव्हा सायकलच अस्तित्वात नसताना तिच्या ट्रेनरचा पूर्वज सांगणे ओढाताणीचे ठरते. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात असलेल्या रोलरांकडे, म्हणजे ज्या फिरत्या नळकांड्यांवर मोकळी सायकल तोल सांभाळत चालवली जाई त्या साधनाकडे, ही परंपरा नेणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र आजच्या ट्रेनरमधील विद्युतचुंबकीय ब्रेकचे मूळ शरीरक्रियाविज्ञानाच्या प्रयोगशाळेत दिसते: डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग याने 1913 च्या सुमारास स्नायूंचे कार्य मोजण्यासाठी अशाच ब्रेकचा सायकल-एर्गोमीटर, म्हणजे केलेले काम मोजणारी जागची सायकल, वापरला होता. रूप रोलरांकडून आणि ब्रेक एर्गोमीटरकडून आला, असे म्हणणे त्यामुळे वावगे होणार नाही.

ट्रेनरचे प्रकार मुख्यतः पेडलला होणारा विरोध कसा निर्माण होतो यावरून ओळखले जातात. पंख्याच्या ट्रेनरमध्ये हवा कापावी लागते. वेग दुप्पट झाला की लागणारी शक्ती सुमारे आठपट होते, आणि आवाजही वाढतो. कायम चुंबकाच्या ट्रेनरमध्ये, एका ठरावीक पायरीवर, शक्ती वेगाच्या जवळपास सरळ प्रमाणात वाढते, म्हणून रस्त्यावरचा जोर त्यात फारसा जाणवत नाही. द्रवाच्या ट्रेनरमध्ये लागणारी शक्ती वेगाबरोबर पंख्यासारखीच झपाट्याने वाढते, पण तो शांत असतो. मात्र तेल तापले की विरोध बदलतो, त्यामुळे पहिल्या दहा मिनिटांचे आकडे जपूनच वाचावेत. या तिन्हींत सामान्यतः मागचा टायर एका लहान रोलरवर दाबला जातो. तो घासतो, क्वचित घसरतोही. मागचे चाक काढून साखळी थेट ट्रेनरच्या कॅसेटवर (दातेरी चक्रांच्या संचावर) चढवण्याची पद्धत 2010 नंतर रूढ झाली. अशा, बहुधा विद्युतचुंबकीय ब्रेकच्या, ‘स्मार्ट’ ट्रेनरमध्ये संगणकाकडून ठरावीक वॅट लावून घेता येतात. मग पेडलची गती मंदावली की विरोध आपोआप वाढतो आणि थकलेल्या स्वाराचा पाय अक्षरशः रुततो. 9 डिसेंबर 2020 रोजी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेची पहिली ई-स्पोर्ट्स (संगणकावरच्या आभासी मार्गावरची) जागतिक स्पर्धा अशाच ट्रेनरांवर झाली.

गोव्यात ट्रेनरचे प्रयोजन प्रामुख्याने पावसाळी आहे. जून ते सप्टेंबर या काळात निसरडे, वळणावळणाचे रस्ते लांब सरावाला सोयीचे नसतात. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरून 2019 पासून होत असलेल्या आयर्नमॅन 70.3 या पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीत सायकलचा टप्पा 90 किलोमीटरांचा असतो, आणि ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात होत असल्याने तयारीचा मुख्य काळ नेमका पावसात सापडतो.

येथील खरी अडचण उष्णतेची. माणसाच्या स्नायूंची कार्यक्षमता 20 ते 25 टक्के धरल्यास 200 वॅट देणाऱ्या स्वाराच्या अंगातून 600 ते 800 वॅट उष्णता बाहेर पडते. रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरचा वारा ती वाहून नेतो. बंद खोलीत तो नसतो, आणि दमट हवेत घाम सुकत नाही. छताचा पंखा अपुरा पडतो, म्हणून छातीच्या उंचीवर समोरून येणारा वारा हवा. उघडी पडवी किंवा बाल्कांव (गोव्यातील घराच्या दाराशी असलेला बैठकीचा ओटा) खोलीपेक्षा बरे, पावसाचे शिंतोडे येत नसतील तर. ठिबकणारा घाम हँडलच्या स्क्रूंवर आणि हेडसेटच्या (हँडल ज्यात फिरते त्या सांध्याच्या) बेअरिंगांवर साचून गंज चढवतो, त्यात किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेची भर पडते. म्हणून सायकलीवर टॉवेल टाकून नंतर ती पुसली जाते. फ्लॅटमध्ये लादीतून खालच्या मजल्यावर जाणारा कंप रबरी चटईने कमी होतो. विजेवर चालणाऱ्या ट्रेनरचा विरोध पुरवठा खंडित होताच बहुतेक नाहीसा होतो. पंख्याच्या व द्रवाच्या ट्रेनरला वीज लागतच नाही.