स्तनाचा कर्करोग : वयाचा हिशेब आणि स्टेजचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एखाद्या घरात स्तनाचा कर्करोग निघाला की भेटायला येणारे दोनच गोष्टी विचारतात : वय किती आणि स्टेज कितवी. मग बाहेर पडताना आपापसात निकालही लावतात. 'तरणीताठी आहे, निभावंल' किंवा 'वय झालंय, आता कशाला चिरफाड?' हे दोन्ही निकाल चुकू शकतात. डॉक्टरांनाही इथवर यायला शंभर वर्षे लागली.

अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी १८८२ पासून स्तन, त्यामागचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळे एकदम काढायला सुरुवात केली. ऑपरेशन जितके मोठे तितका रोग मुळासकट जातो, ही समजूत पुढे पाऊण शतक टिकली. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर बाईंनी ऑपरेशन झालेल्या बायकांचा पुढचा माग काढला. रोग थोडक्यात असताना ज्या टेबलावर आल्या त्या जास्त जगल्या होत्या. 'थोडक्यात' म्हणजे किती, हे ठरवायला १९४० च्या दशकात फ्रान्सच्या पिएर दनुआ यांनी टीएनएम ही पद्धत मांडायला घेतली. गाठ केवढी, काखेत पोचली का, हाडे-फुप्फुस-यकृतात गेली का. यातला 'टी' म्हणजे गाठ; आज फाईलवर 'टी४' दिसले तर ती कातडीपर्यंत किंवा छातीच्या भिंतीपर्यंत पोचली आहे असे समजायचे. २०१८ पासून लागू झालेल्या आवृत्तीत ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (वाढीला जोर देणारे प्रथिन जास्त आहे का) या गाठीच्या तपासण्यांचे निकालही स्टेज ठरवताना धरले जातात.

वयाचे कोडे जास्त काळ चालले. १९८६ मध्ये स्वीडनचा एक मोठा अभ्यास आला, ५७,०६८ बायकांचा. सगळ्यात चांगले निभावले ते ४५ ते ४९ वयाच्या बायकांचे. तिशीच्या आतल्या त्यांच्या मागे पडल्या आणि पंचाहत्तरीपुढच्या तर फारच. तरुणपणी होणारा कर्करोग बऱ्याचदा आडदांड जातीचा असतो, वरच्या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह येणारा ट्रिपल निगेटिव्ह त्यातलाच. शिवाय अंगावर पाजणाऱ्या बाईची गाठ 'दूध गोठलंय' म्हणून शेकत बसण्यात महिने जातात. म्हातारपणी बीपी, शुगर, हृदय आडवे येते आणि कधी कधी डॉक्टर-नातेवाईक मिळूनच अर्धी ट्रीटमेंट पुरे म्हणतात. या शेवटच्या कारणाला मी वयाचा दोष म्हणणार नाही.

आपल्या देशातले आकडे पाहा. २०१२ ते २०१५ मध्ये निदान झालेल्या १७,३३१ बायकांच्या नोंदी ११ नोंदणी केंद्रांतून तपासल्या गेल्या. पाच वर्षांनी सरासरी ६६.४ टक्के हयात. रोग स्तनापुरता असताना सापडला तर ८१ टक्के, काखेपर्यंत गेला तर ६५.५, लांब पसरला तर १८.३. वयाचा फरक मात्र त्यामानाने किरकोळ : पासष्टीपुढच्यांना चाळिशीच्या आतल्यांपेक्षा मरणाचा धोका १६ टक्के जास्त.

अर्थात पाच वर्षे मोजायला सुरुवात निदानाच्या दिवसापासून होते. लवकर सापडले की मरण पुढे गेले नाही तरी आकडा वाढतो. म्हणून खरी कसोटी मृत्यू मोजण्याची, आणि ती मुंबईत झाली. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा व सहकाऱ्यांनी १९९८ पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर प्रयोग केला. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे नाही, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निकाल आला. तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणाऱ्यांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के, झालेल्या गटात ३७. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले; पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. तरण्या बाईने गाठ लागली की पाळीची वाट न बघता दाखवावे ते याचसाठी. तिच्या बाबतीत नेमाच्या तपासणीवर विसंबता येत नाही.

सीमाभागात स्टेज ठरते ती बरीचशी दवाखान्याच्या अलीकडेच. सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गाठीसाठी निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बाईने रोजगार का बुडवावा? पदराआडची गोष्ट आधी जावेला, मग सासूला, नवऱ्याला शेवटी. त्यानंतर प्रश्न जायचे कुठे. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेले. सरकारी कर्करोग संस्था किदवाई ती पाचशे किलोमीटरवर बंगळूरला. म्हणून कुणी मिरजेला, कुणी कोल्हापूरला, कुणी हुबळीला, आणि टाटाला जाणारे मुंबईत नातेवाईक शोधत.

पैशाची बाजू हळूहळू हलली. २०१० मध्ये उत्तर कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वाजपेयी आरोग्यश्री ही सरकारी उपचार योजना सुरू झाली, त्यात कर्करोग होता. २०१८ मध्ये आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक आली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा फुले योजना ८६५ सीमावर्ती गावांना लागू केली, त्यावर कर्नाटकाने हरकत घेतली आणि अर्ज भरून घेणारी केंद्रेच वादात सापडली. बाईच्या फाईलला यातल्या कुठल्याही सरकारचे कार्ड चालले असते.

तिशीपुढच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करायच्या केंद्राच्या सूचना २०१६ पासून आहेत. गावात ते काम नर्सबाई आणि आशाताईंकडे. आणि जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातच केएलई या शिक्षणसंस्थेचे स्वतंत्र कर्करोग रुग्णालय सुरू झाले. दवाखान्यासाठी आधीपासून बेळगावकडेच बघणाऱ्या पलीकडच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकरांनाही ते कोल्हापूरपेक्षा जवळ पडते.