व्हिक्सबर्गचा वेढा

अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या जनरल युलिसिस ग्रँटने मिसिसिपी नदीवरच्या व्हिक्सबर्गला घातलेला ४७ दिवसांचा वेढा (१८ मे ते ४ जुलै १८६३).

शहर नदीच्या तीव्र वळणावर, सुमारे २०० फूट उंच टेकड्यांवर वसलेले होते. वळण टाळण्यासाठी समोरच्या भूशिरातून कालवा खणायला घेतला, पण मार्चमध्ये चढत्या पाण्याने तोंडावरचा बांध फोडला. (१८७६ मध्ये नदीनेच ते भूशिर कापले.) अखेर १६ एप्रिलच्या रात्री उत्तरेच्या नौदलाच्या अ‍ॅडमिरल पोर्टरने ताफा थेट शहराच्या तोफांखालून काढला. बॉयलरभोवती कापसाच्या गाठी रचल्या होत्या. शहराच्या काठाला खेटून गेलेल्या जहाजांच्या डोक्यावरून बरेच गोळे निघून जात, कारण टेकडीवरच्या तोफांची तोंडे तेवढी खाली वळत नसत. एक वाहतूक बोट तेवढी गमावली.

३० एप्रिलला सैन्य दक्षिणेला ब्रुइन्सबर्गजवळ पूर्वतीरी उतरले. १४ मे रोजी मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन पडली, रेल्वे तुटली आणि दोन दिवसांनी चॅम्पियन हिलला हरलेला दक्षिणेचा सेनापती पेंबर्टन व्हिक्सबर्ग शहरात कोंडला गेला. वेढ्याचा निकाल खरे तर इथेच लागला.

तरी ग्रँटने १९ व २२ मे रोजी थेट हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यातच सुमारे ३,२०० माणसे मारली गेली, जखमी वा बेपत्ता झाली. मग खोदकाम सुरू झाले. माऱ्याची रेषा सरळ आत शिरू नये म्हणून चर नागमोडी नेत. खणणाऱ्यांपुढे आडोसा ढकलत नेत. उत्तरेच्या जनरल लोगनच्या आघाडीवर त्यासाठी कापसाच्या गाठी रचलेला रेल्वेचा डबा वापरला. बचाव करणाऱ्यांनी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापूस बंदुकीच्या गोळ्यांच्या पोकळ बुडात भरून तो डबा पेटवला. वेढ्याला लागणाऱ्या उखळी तोफा लष्कराकडे नव्हत्या, म्हणून ओंडके पोखरून, लोखंडी पट्ट्या ठोकून त्या बनवल्या.

२५ जूनला थर्ड लुइझियाना रेडान या टोकदार बुरुजाखाली २,२०० पौंड दारूचा सुरुंग उडवला. भुयाराला माती उत्तम होती, उभी कापली तरी ढासळत नसे. पण शत्रूने मागे नवी तटबंदी आधीच उभारली होती. विवरात घुसलेल्यांवर वरून हातबॉम्ब आणि पेटत्या वातीचे तोफगोळे घरंगळत येऊ लागले. उभे राहून नेम धरावा तर डोके उघडे पडे. दुसऱ्या दिवशी विवर सोडावे लागले.

शहर वाकवले ते उपासमारीने. वाटाण्याच्या पिठाची भाकरी, शेवटी खेचराचे मांस. ४ जुलैला सुमारे २९,५०० सैनिक आणि १७२ तोफा हाती आल्या. एवढे कैदी उत्तरेत नेण्यात बोटी अडकल्या असत्या, म्हणून त्यांना पुन्हा न लढण्याच्या शपथेवर सोडले.